दहा फुटांचा ओटा: कडाप्पा, प्लाय की पीव्हीसी?

गोव्यात स्वयंपाकघर नव्यानं करायचं आणि बजेट बेताचं असेल, तर डोकं लावायची जागा एकच: ओट्याखालचे खण कशाचे करायचे. टाइल, रंग, चिमणी पुढच्या वर्षीही बसवता येतात. खण चुकले तर मात्र वरचा ग्रॅनाइट उचलल्याशिवाय सुटका नाही, आणि उचलताना तो बहुतेक वेळा तुटतोच.

तुलनेसाठी सरळ दहा फुटांचा ओटा धरू. खोली २४ इंच आणि उंची ३४ इंच, म्हणजे खाली ४ इंचांची पायरी, मध्ये २८ इंचांचे खण आणि वरचे दोन इंच दगडाचे. असे चार खण, प्रत्येकाला दोन शटर.

प्लायचे खोके. उभ्या बाजू, तळ, वरच्या पट्ट्या, दोन खणांतल्या फळ्या आणि शटर मिळून १८ मिलिमीटरचा साधारण ९० चौरस फूट प्लाय लागतो. आठ बाय चारचा ताव ३२ चौरस फुटांचा, म्हणजे कापणीची तूट धरून चार ताव. पाठीला ६ मिलिमीटरचा एक ताव वेगळा. त्यावर सनमायका, कडपट्टी आणि सुताराची मजुरी. दिसायला देखणं, खण काटकोनात, ड्रॉवर लोण्यासारखे सरकतात.

गोची आपल्या हवेत आणि भिंतीत आहे. जुन्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) घरात भिंत पावसाळाभर ओल ओढते. प्लायची पाठ तिला टेकली की मागून बुरशी, आणि वाळवीही त्याच वाटेनं येते. भिंत आणि पाठ यांत अर्धा इंच फट सोडायला सांगा. सिंकखालची कहाणी वेगळी. चांगल्या प्लायमध्येही पाणी शिरतं ते कडेतून. प्लंबर पाइपासाठी होल मारतो, ती उघडी कड कुणी सिलिकॉननं बंद करत नाही आणि काही महिन्यांत होलाभोवती सनमायका टम्म फुगतो. मग दोष दुकानदाराला.

कोटेशनमध्ये नुसतं ‘वॉटरप्रूफ प्लाय’ लिहिलं असेल तर ते परत द्या. मरीन, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या, प्लायचं मानक आयएस ७१०, साध्या प्लायचं ३०३. तावावर आयएसआय चिन्हाखाली सीएम/एल क्रमांक, म्हणजे परवान्याचा क्रमांक, असतो. तो भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून बघता येतो. ‘७१० ग्रेड’ असा नुसता शिक्का म्हणजे काहीच नाही. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळ्या, ओट्याखाली फुकट मिळाले तरी घेऊ नका.

कडाप्प्याचे खण. पाच उभ्या पाट्या, मधली फळी, मागे भिंतीलाच टाइल. इथे प्लाय लागतो तो फक्त शटरना. पंधरा बाय अठ्ठावीसची नऊ शटर एका तावात बसतात, आपल्याला हवीत आठ. चार तावांचं काम एकावर येतं आणि मरीन प्लाय घ्यायची ऐपत आपोआप होते. दगडाला वाळवी लागत नाही, तो फुगत नाही. मासळी धुताना सिंकखाली पाणी गळलं तर फडक्यानं पुसायचं.

पण खोडी आहेत. दगडात हिंजचा स्क्रू धरत नाही, म्हणून पाट्यांच्या दर्शनी कडेला डब्ल्यूपीसीची (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांच्या मिश्रणाची) किंवा ॲल्युमिनियमची पट्टी फास्टनरनं मारावी लागते. ही पट्टी कोटेशनमध्ये नसते; आधीच लिहून घ्या. दुसरं, गवंडी पाट्या डोळ्यांच्या अंदाजानं उभ्या करतो. खण वर-खाली तीन-चार मिलिमीटरनं कमीजास्त झाला की ड्रॉवरचं चॅनल अडकतं. उपाय सोपा आहे: ड्रॉवर हवे असतील त्या एका खणात प्लायचं तयार खोकं सरकवायचं.

वरचा दगड मात्र कडाप्प्याचा नको. तो चुनखडीचा दगड. आमसुलाचं आगळ, चिंच, लिंबू, व्हिनेगर सांडलं की पांढरट डाग पडतो आणि घासून जात नाही, कारण तिथला दगडच खाल्ला गेलेला असतो. आपल्या स्वयंपाकात आंबट नाही असा दिवस कुठला! खाली कडाप्पा आणि वर १८ ते २० मिलिमीटरचा काळा ग्रॅनाइट, हीच जोडी टिकते. सिंकचं कापकाम करताना कोपरे गोल ठेवा आणि पुढच्या कडेला तीन इंच तरी दगड सुटू द्या. टोकदार कोपऱ्यातूनच भेग सुरू होते.

पीव्हीसी फोम बोर्ड. पाणी आणि वाळवी दोन्हींना दाद देत नाही, एवढी बाजू भक्कम. बाकी स्क्रू पुन्हा काढून घातला की होल सैल होतं, लांब फळी डब्यांच्या वजनानं वाकते आणि शेगडीजवळ उष्णतेनं नरम पडते. पूर्ण स्वयंपाकघर याचं करू नये. सिंकखालच्या खणाची दोन शटर याची केली तर पैसे सार्थकी लागतात.

थोडक्यात कौल असा: स्वतःचं घर, तळमजला, फोंडा असो वा पेडणे, कडाप्पा करा. भाड्याचा किंवा चार-पाच वर्षांत सोडायचा फ्लॅट असेल तर प्लायची खोकी, ती उचलून नेता येतात. वरची कपाटं दोन्हीकडे प्लायचीच. फक्त चिऱ्यात दोन इंची गट्टू धरत नाही, आतला दगड भुसभुशीत असतो. चार इंची लांब नायलॉन फास्टनर सांध्यात न मारता चिऱ्याच्या मधोमध मारा.

ट्रॉल्या आणि हिंज ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या. २०२ ग्रेडचं स्टील नवं असताना तसंच चमकतं, पण किनाऱ्यालगतच्या खाऱ्या वाऱ्यात त्यावर तांबूस ठिपके लवकर येतात.

सिलिंडरच्या खणाला खालची पायरी घालू नका. सिलिंडर दोन फुटांहून थोडा उंच, वर रेग्युलेटर. पायरी असेल तर नळी दुमडते. त्या शटरला जाळी हवी ती तळाशी, कारण गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर खाली साचतो.

वेळेचंही गणित आहे. चवथीआधी व्हायला हवं म्हणून मे महिन्यात ओटा फोडणारे पुष्कळ. जूनमध्ये पाऊस लागला की गिलावा वाळत नाही आणि दमट प्लायवर चिकटवलेल्या सनमायकाला फुगे येतात. दगडी काम पावसातही चालतं, सुतारकाम नाही. दिवाळीनंतर सुरू केलं तर दोन्ही निवांत होतात.

शटर बसवण्याआधी एक चाचणी घ्या. सिंकच्या तोंडाला बूच लावून ते काठोकाठ भरा, खाली कोरडं वर्तमानपत्र पसरा आणि बूच झटकन काढा. सांधा ओघळत असेल तर कागदावर ओला गोल उमटतो. प्लंबरचे शेवटचे पैसे तोवर खिशातच राहू द्या.