मेली नाही, चालतेय! वाचनालयाच्या साईटसाठी मेलीसर्च

फोंड्याजवळच्या एका वाचनालयाची साईट करतोय, फुकट, शनिवार-रविवार मोडून. साधारण १८ हजार मराठी पुस्तकं आणि जुन्या मासिकांची सूची. सर्च इंजिन आपल्याच सर्व्हरवर हवं होतं कारण बाहेरच्या सेवेचं दर महिन्याला डॉलरमध्ये बिल भरायला कमिटी तयार होणार नाही हे मला आधीच माहीत होतं. सर्व्हर म्हणजे २ जीबी रॅमचा छोटा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर), बस्स.

पहिल्यांदा इलास्टिकसर्च बघितलं. ल्युसीन नावाच्या तयार शोध-कोडवर उभं आहे, ताकद प्रचंड, पण जावा भाषेतलं आहे आणि हीपसाठी (जावाची कामाची मेमरी) अर्ध्या रॅमपर्यंत जागा द्या म्हणतात, म्हणजे माझ्या २ जीबीत ते बसलं की साईटने कुठे बसायचं? लायसन्सचा घोळही झालेला, २०२१ मध्ये अपाचे हे खुलं लायसन्स सोडलं, त्यातून ओपनसर्च हे वेगळं इंजिन निघालं, २०२४ मध्ये एजीपीएल या खुल्या लायसन्सचा पर्याय आला. ल्युसीनमध्ये शब्दांची रूपं ओळखणारा हिंदीचा अ‍ॅनालायझर आहे, मराठीचा नाही. पुढे गेलो.

मग म्हटलं वेगळं इंजिन कशाला, एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसचं मजकूर शोधणारं एफटीएस५ आहेच की. इथे अख्खा रविवार गेला. 'पुस्तक' शोधलं की भलतंच काहीतरी यायचं. कारण नंतर कळलं, त्याचा नेहमीचा टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) फक्त अक्षरं आणि आकडे धरतो, आपला उकार, हलन्त वगैरे खुणा त्याच्या लेखी शब्द तोडायच्या जागा! म्हणजे 'पुस्तक'चे तुकडे 'प', 'स', 'तक'. टोकनायझरच्या सेटिंगमध्ये एमएन आणि एमसी हे युनिकोडमधले खुणांचे वर्ग जोडले की ठीक होतं. छोट्या साईटला हे खरंच पुरेल, मी पण तिथेच थांबलो असतो, पण चुकीचं टाइप केलेलं त्याला कळत नाही आणि आमचे वाचक सगळे फोनवरून टाइप करणारे.

टाइपसेन्स छान आहे, सी प्लस प्लसमधलं, झटपट. पण इंडेक्स (शोधासाठी केलेली शब्दसूची) पूर्ण रॅममध्ये ठेवतं. पुस्तकांची नावं आरामात मावतील, उद्या जुन्या अंकांचा मजकूर घालायचं ठरलं तर रॅम विकत घेत बसा.

शेवटी मेलीसर्च. ग्रंथपाल बाईंना नाव सांगितलं तर म्हणाल्या, "अरे, मेली तर मग शोधणार कशी?" तेव्हापासून तेच नाव पडलंय, साईट स्लो झाली की फोन येतो, "तुझी मेली आज उठली नाही."

एक फाइल उतरवायची, चालू करायची, ७७०० पोर्टवर हजर. रस्ट भाषेतलं आहे, इंडेक्स डिस्कवरच्या एलएमडीबी डेटाबेसात राहतो म्हणून छोट्या मशीनवरही जमतं. मास्टर की (मुख्य पासवर्ड) द्यायला विसरू नका, डेव्हलपमेंट मोडमध्ये कीशिवायही सुरू होतं आणि मग सगळं गावासाठी उघडं.

चुका पोटात घालायची सवय मात्र जरा जास्तच आहे. पाच किंवा जास्त अक्षरांच्या शब्दात एक चूक चालते, नऊपासून दोन, आणि काना-वेलांटी वेगळी मोजली जाते म्हणून आपले छोटे शब्दही लगेच त्यात बसतात. 'मांडवी' शोधलं तर 'मांडणी' पण समोर! असे शब्द एका यादीत टाकून चूक-माफी बंद करता येते, ती यादी मी वाढवतच असतो.

पण खरं डोकं दुखलं ते इंजिनपायी नाही. जुनी सूची कधीतरी वेगळ्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेली, त्यात 'किनाऱ्यावर' मधला र्‍य दोन प्रकारे टाइप झालेला, कुठे ऱ घेऊन, कुठे र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक. स्क्रीनवर दोन्ही सारखेच, सर्चला दोन वेगळे शब्द. हे कुठल्या इंजिनवर सोडून देऊ नका. मी इंडेक्स करण्याआधी सगळं एका रूपात आणतो आणि शोधणाऱ्याने टाइप केलेल्यालाही तेच लावतो. रोमी लिपीत 'फोंडा' टाइप करणारे पण भरपूर, त्यांच्यासाठी नावाचं रोमी रूप वेगळ्या फील्डमध्ये घातलं.

राहिल्या विभक्ती. 'फोंडा' टाकलं तर 'फोंड्यात', 'फोंड्याचा' यावं ना? 'फोंड' एवढंच टाकलं तर शेवटचा शब्द अर्धा असला तरी चालतो म्हणून येतात, पूर्ण टाकलं की भरवसा नाही. गावांच्या नावांसाठी समानार्थी शब्दांची यादी हाताने केली: म्हापसा, म्हापशात, म्हापशाचा, असं करत पेडण्यापासून काणकोणापर्यंत. बाईंनी दोन दुपारी बसून सांगितली, मी टाइप केली.

पाचपैकी चार स्टार देईन. एक कापला तो या यादीसाठी, कारण काल कुणीतरी 'सांखळी' शोधलं आणि बाईंचा फोन आला, "अनुस्वाराशिवाय पण लिहितात रे, घाल ते पण."