घरी नर्स ठेवताना कागद कोणते बघायचे: बडोद्यातल्या एका एजन्सीचा अनुभव

सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन पावसाळ्यात झालं, तेव्हापासून दांडिया बाजारातल्या आमच्या घरी एका एजन्सीची माणसं येताहेत. नाव लिहीत नाही. माणसं चांगली, कागदांच्या बाबतीत आनंदीआनंद.

‘स्टाफ नर्स’ म्हणून आलेल्या पहिल्या मुलीची फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर मागवली, तर आधारची झेरॉक्स आणि काही महिन्यांच्या केअरटेकर कोर्सचं सर्टिफिकेट आलं. मुलगी गुणी. रात्री न सांगता उठून कूस बदलून देते, टाचांखाली उशी सरकवते. पण लघवीची नळी बदलणं, शिरेतून इंजेक्शन देणं हे तिचं काम नव्हे, आणि बिल मात्र नर्सचं!

नर्सिंगमध्ये ए.एन.एम.चा (सहायक नर्स-दाई) कोर्स दोन वर्षांचा, जी.एन.एम.चा (जनरल नर्सिंग आणि मिडवाइफरी) तीन, बी.एस्सी. नर्सिंगचा चार. त्यावर राज्याच्या कौन्सिलची नोंदणी हवी. आपल्याकडे गुजरात नर्सिंग कौन्सिल. नोंदणी क्रमांक बघाच, पण मुदत कधी संपते तेही बघा. नर्स दुसऱ्या राज्यातून आलेली असेल तर इथली नोंदणी झाली आहे का, हे विचारायला लाजू नका. नर्सच्या केंद्रीय नोंदवहीतला ओळख क्रमांक, म्हणजे एन.यू.आय.डी., असेल तर उत्तम.

नंतर आलेल्या नर्सबेनच्या सर्टिफिकेटवर माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं. मी काही बोलायच्या आत त्यांनीच पर्समधून लग्नाचा दाखला काढला. म्हणाल्या, ‘आम्हाला सवय आहे, पण घरचे सहसा विचारतच नाहीत.’

पोलीस व्हेरिफिकेशन ‘झालंय’ असं एजन्सीवाले फोनवर ठणकावून सांगत होते. कागद मागितला तर अर्जाची पावती पाठवली. अहो, पावती म्हणजे अर्ज केला एवढंच. रिपोर्ट वेगळा असतो. तो पुष्कळ पाठपुराव्यानंतर मिळाला. अर्थात त्यात फक्त गुन्ह्याची नोंद आहे की नाही एवढंच कळतं. नळी नीट बसवता येते का, हे पोलीस कुठून सांगणार? नर्सिंगची नोंदणी आणि पोलिसांचा रिपोर्ट, दोन्ही कागद वेगवेगळे मागायचे, आणि माणूस घरात यायच्या आधी.

एजन्सी बदललेली नाही, कारण सासूबाईंना ती पहिलीच मुलगी लागते. रोज ती येते, आणि नळी बदलायची असते त्या दिवशी तेवढ्यापुरत्या नर्सबेन. बिलात आता दोघींचे दर वेगळे लावतात. ते मात्र भांडून करून घ्यावं लागलं.