३२ बोअर: पिस्तूल घ्यावं की रिव्हॉल्वर?

लातूरच्या आडत बाजारात ज्यांच्याकडे स्वसंरक्षणाचा शस्त्रपरवाना आहे, त्यांच्यात ३२ बोअरचा (म्हणजे नळीचं भोक साधारण ०.३२ इंच) हा वाद जुना आहे. पिस्तूलवाले आपल्या मतावर ठाम, रिव्हॉल्वरवाले आपल्या. मी दोन्ही बाळगलीत. वडिलांचं जुनं परदेशी पिस्तूल वारसाहक्कानं माझ्या परवान्यावर चढलं, काही वर्षं ते कमरेला राहिलं, आणि पुढे ते रीतसर विकून मी कानपूरच्या कारखान्याचं रिव्हॉल्वर घेतलं. म्हणजे माझा कल कुणीकडं हे उघडच आहे. तरी पिस्तुलाची बाजू आधी मांडतो, कारण ती कमी वजनाची नाही.

कायद्यानं सध्या जास्तीत जास्त दोन शस्त्रं ठेवता येतात. २०१९ च्या दुरुस्तीआधी तीन ठेवता यायची. पण स्वसंरक्षणासाठी दुसरं शस्त्र परवान्यावर चढवून घेणं सोपं नसतं, हे गृह शाखेत हेलपाटे घातलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्यामुळे बहुतेकांना एकच निवडायचं असतं आणि तेच रोज जवळ ठेवायचं असतं.

रोज बाळगायचं म्हटलं की पिस्तुलाचा चपटेपणा फार मोलाचा. २०१६ च्या नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी हँडगन होल्स्टरमध्ये आणि पूर्ण झाकलेली असावी लागते. आता एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळिशीला टेकतो, अंगात एक सुती शर्ट. त्याखाली पिस्तूल बरगडीला लागून बसतं, दिसत नाही. रिव्हॉल्वरचा सिलिंडर, म्हणजे काडतुसांचा फिरता गोल डबा, मात्र शर्टातून फुगवटा दाखवतो. मोटारसायकलवर वाकून बसलं की तो कमरेत रुततो. यावर मला पूर्ण समाधान देणारा उपाय आजवर सापडला नाही. सैल, थोडा लांब शर्ट शिवून घेतो, एवढंच.

चापाचंही तसंच. घोडा चढलेल्या पिस्तुलाचा चाप हलका, नेम सुटत नाही. रिव्हॉल्वर डबल अ‍ॅक्शनमध्ये चालवायचं, म्हणजे घोडा आधी न चढवता नुसत्या चापानं, तर लांब आणि जड ओढ, नवख्याची पहिली गोळी हमखास खाली जाते. काडतुसांची संख्या, मॅगझिन (मुठीत बसणारी काडतुसांची पेटी) बदलण्याची चपळाई, इथंही पिस्तूल पुढे. नेमबाजीची आवड असलेल्या माणसाला पिस्तूलच आवडणार, आणि त्यात काही चूक नाही.

भरवशाचा विषय आला की चित्र पालटतं. पिस्तुलात जाणारं ३२ चं काडतूस १८९९ च्या सुमाराचं, ब्राउनिंगच्या रचनेचं. त्याच्या बुडाची कड किंचित बाहेर आलेली असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे बसली पाहिजे. ती मागं गेली तर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) कितीही ओढा, वरचं काडतूस पुढे सरकत नाही. मॅगझिन नीट भरलं, कमरेवर फार हिंदकळू दिलं नाही, की हे क्वचित होतं. पण पिस्तूल दिवसभर अंगावर, तेही आपल्या रस्त्यांवर, म्हणजे हिंदकळणं चुकत नाही. रिव्हॉल्वरमध्ये प्रत्येक काडतुसाला आपला खाना असतो, एकाचं दुसऱ्याशी देणंघेणं नाही. एखादं उडालं नाही तर चाप पुन्हा ओढा, पुढचं समोर येतं.

वडिलांच्या पिस्तुलाचं मॅगझिनही थकलं होतं. परवानाधारक कारागिराकडून स्प्रिंग बदलून घेतली, अडकणं बरंचसं थांबलं. हे ‘बरंचसं’ नेमकं किती, ते कळायला गोळ्या चालवाव्या लागतात. परवान्यावर वर्षाची काडतुसं ठरलेली, वापरलेल्यांचा हिशोब ठेवायचा, आणि चालवायची तर अधिकृत रेंजवरच. आपल्या शिवारात जाऊन दोन बार काढून बघू असं मनातही आणू नका. एअर पिस्तुलाच्या रेंज जवळपास झाल्यात, पण ३२ बोअर चालवून बघायची तर मला लांब जावं लागतं. जे शस्त्र खूप चालवल्यावरच भरवशाचं ठरतं, ते इतक्या थोड्या काडतुसांत कसं पारखायचं? माझ्या मते इथले लोक भरवशाच्या गप्पा मारताना ही गोष्ट पुरेशी ध्यानात घेत नाहीत. परदेशी व्हिडिओतला माणूस एका बैठकीत जेवढी काडतुसं संपवतो, तेवढी आपल्याला वर्षभरात मिळतीलच असं नाही.

सुधारणांबद्दलही त्याच व्हिडिओंनी पुष्कळ गैरसमज पसरवलेत. नळी बदला, चाप बदला, स्लाइडवर लाल ठिपक्याची दुर्बीण बसवा. आपल्याकडे शस्त्र कायद्यात शस्त्राचे भागसुद्धा शस्त्राच्या व्याख्येत येतात, आणि कलम ५ प्रमाणे दुरुस्ती किंवा बदल करायलाही परवाना लागतो. म्हणजे आपल्या ओळखीचा कितीही हुशार लेथवाला असला तरी त्याच्याकडे काही न्यायचं नाही. हे लक्षात घेतलं की सुधारणेला जागा थोडीच उरते: मूठ, होल्स्टर, आणि परवानाधारकाकडून झिजलेल्या स्प्रिंगा बदलून घेणं.

मुठीचा फरक मात्र खरोखर मोठा पडतो. रिव्हॉल्वरची मूळची मूठ माझ्या पंज्याला बारीक होती. गनहाऊसमधून रबराची, जरा भरीव मूठ बसवून घेतली आणि जड चापाचा त्रास निम्मा झाला असं वाटतं. मोजलेलं काही नाही, पण रेंजवर छिद्रं जवळजवळ पडायला लागली. जुन्या परदेशी पिस्तुलाला अशी मूठ शोधत बसावं लागतं, आणि जादा मॅगझिन शोधायचं तर विचारूच नका. सर्वसामान्य परवानाधारकाला आयात १९८० च्या दशकापासून बंद आहे. जे बाजारात फिरतं ते जुनंच, आणि त्याचं अस्सल मॅगझिन म्हणजे मिळालं तर नशीब.

चाप हलका करून घेण्याचा मोह दोन्हीकडे होतो. तो टाळा. घोड्याची स्प्रिंग मऊ केली की काडतुसाच्या टोपीवर ठोका हलका बसतो आणि नेमक्या वेळी नुसता ‘टक्’ आवाज येतो.

होल्स्टर चामड्याचं घेणार असाल तर उन्हाळ्यातल्या घामाचा विचार करा. चामडं ओल धरतं, निळसर शस्त्रावर तांबूस बुंदके येतात. काडतुसं चामड्याच्या पट्ट्यात ठेवलीत तर पितळेवर हिरवट, चिकट थर चढतो. माझ्याकडं तो एका पावसाळ्यात चढला. आता काडतुसं डबीत, आणि कमरेला कडक प्लास्टिकचं होल्स्टर.

इतकं सगळं असूनही मी पिस्तूल सोडलं नसतं. मॅगझिनचा इलाज झाला होता, चपटेपणाचं सुख होतं, शिवाय वडिलांची वस्तू. ते सोडायला लावलं रोज रात्रीच्या एका कामानं.

घरात लेकरं आहेत. त्यामुळे घरी आलो की शस्त्र खाली, म्हणजे रिकामं, करून कपाटात कुलूपबंद, काडतुसं वेगळी. पिस्तूल खाली करायचं म्हणजे आधी मॅगझिन काढा, मग स्लाइड ओढा, चेंबरमधलं (नळीच्या मागच्या खान्यातलं) काडतूस उडून बाहेर पडतं, ते पलंगाखालून शोधा, पुन्हा स्लाइड ओढून चेंबरमध्ये बोट घालून खात्री करा. सकाळी तेच काडतूस मॅगझिनमध्ये सगळ्यात वर, आणि तेच पुन्हा चेंबरमध्ये. एका रविवारी सफाई करताना ते काडतूस न वापरलेल्या काडतुसाशेजारी टेबलावर उभं केलं. लांबीत फरक डोळ्यांनी दिसत होता. रोजच्या रोज स्लाइडच्या जोरानं पुढे आदळून शिसाळी (काडतुसाच्या टोकाची गोळी) पितळेत आत दबली होती आणि बुडाच्या कडेवर ओरखड्यांची जाळी झाली होती. शिसाळी आत दबली की आतली जागा कमी होते, आणि बार उडताना दाब नको तितका वाढतो. शस्त्रात जे सगळ्यात आधी उडणार, तेच काडतूस सगळ्यात खराब झालेलं.

उपाय आहेत, नाही असं नाही. वरचं काडतूस आलटून पालटून वापरा. पण मोजकी काडतुसं असताना आलटून पालटून सगळीच त्या वाटेनं जातात. खराब झालेली बाजूला काढायची तर नवी लागतात, आणि तिथं पुन्हा परवान्यावरचा आकडा आडवा येतो. दुसरा उपाय, चेंबर रिकामं ठेवून फिरा. मग वेळ आली तर स्लाइड ओढायला दुसरा हात मोकळा हवा. सोयाबीनच्या सीझनला संध्याकाळी पट्ट्यांची (मालाच्या पैशांची) पिशवी एका हातात असते, आणि शस्त्र जवळ ठेवण्याचं कारणच ती पिशवी. तेव्हा दुसरा हात कुठून आणायचा?

रिव्हॉल्वरला यातलं काहीच नाही. कानपूरचं माझं मॉडेल बिजागरीवर वरून मोडून उघडतं. उघडलं की सहाही काडतुसं एकदम उचलली जातात आणि तळहातावर येतात. ओरखडा नाही, आदळणं नाही. सहा भोकांतून पलीकडचा उजेड दिसतो. माझी बायको शस्त्राला हात लावत नाही, पण दारातूनच बघून तिला कळतं की ते खाली आहे. मतदानाच्या आधी पोलीस ठाण्यात शस्त्र जमा करायची वेळ आली तेव्हाही हाच अनुभव. उघडून टेबलावर ठेवलं, हवालदारानं एक नजर टाकली, पावती फाडली. पिस्तूल जमा करताना दर वेळी कुणाला तरी चेंबर समजावून सांगावं लागायचं, आणि गर्दीच्या खोलीत स्लाइड ओढून दाखवताना माझ्याच छातीत धडधडायचं.

रिव्हॉल्वरही काळजी मागतं. आडतीवर भुसा आणि बारीक धूळ कायम उडत असते. ती काडतुसं उचलणाऱ्या चांदणीखाली साचली, किंवा न जळलेल्या दारूचा एखादा कण तिथं अडकला, तर कोणतंही रिव्हॉल्वर नीट मिटत नाही किंवा सिलिंडर जड फिरतो. आठवड्याला जुन्या टूथब्रशनं तेवढी जागा झाडायची. पिस्तुलाच्या सफाईच्या मानानं हे काम चहा उकळेपर्यंत होतं.

तर पिस्तूल कुणी घ्यावं? ज्यांचं रायफल क्लबमध्ये नियमित जाणं आहे, ज्यांना काडतुसं त्या निमित्तानं मिळतात आणि खर्चही होतात, त्यांनी जरूर घ्यावं. घरात लहान मूल नाही आणि शस्त्र रोज खाली करावं लागत नाही, त्यांनीही विचार करावा. अंगानं सडपातळ माणसाला तर रिव्हॉल्वर लपवणं अवघडच जातं. बाकी तुमच्या-माझ्यासारख्या धंदेवाल्याला, ज्याचं शस्त्र सकाळी भरायचं, रात्री खाली करायचं आणि देव करो कधी चालवायची वेळ न येवो, त्याला मी रिव्हॉल्वरच सुचवेन.

त्यातही वजन खुपत असेल तर २०१४ साली आलेलं ‘निर्भीक’ टायटॅनियमच्या मिश्रधातूचं आहे, अर्ध्या किलोच्या आसपास. हलक्या शस्त्राचा धक्का हाताला जास्त बसतो, हे लक्षात असू द्या. २०२३ सालच्या ‘प्रबल’चा सिलिंडर बाजूला उघडतो, काहींना तीच पद्धत सोयीची वाटते. मला वरून मोडणारं हातात बसलंय.

गनहाऊसमध्ये दुकानदाराला विचारून रिकाम्या रिव्हॉल्वरचा चाप अगदी सावकाश ओढा. प्रत्येक खाना नळीसमोर येऊन पक्का थांबतो का, आणि थांबल्यावर सिलिंडर बोटानं हलवला तर खडखडतो का, सहाही खान्यांना बघा. मग काडतुसं. पिस्तुलाचं ३२ वेगळं, रिव्हॉल्वरचं ३२ वेगळं, एकाचं दुसऱ्यात चालत नाही, आणि घाईत काउंटरवर अदलाबदल होऊ शकते. रिव्हॉल्वरच्या पाकिटावर ७.६५ × २३ मिमी आहे ना, हे पैसे देण्याआधी वाचा.