ईएनसी२८जे६० मॉड्यूल: गच्चीवरच्या टाकीसाठी घेतलं, सहा महिने वापरलं

आधीच सांगतो, मी काही सॉफ्टवेअरवाला नाही. ३१ वर्षं टेलिफोनच्या केबली जोडल्या, निवृत्त झालो आणि हात शिवशिवायला लागले. आमची गिरगावातली चाळ पाडून सात मजली इमारत झाली. तिथे तळटाकीतलं पाणी पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवतात. पाणी पहाटे येतं, वॉचमन पंप चालू करतो आणि झोपतो. मग टाकी वाहते, सातव्या मजल्यावरच्या वहिनींच्या गॅलरीत धबधबा सुरू होतो आणि सेक्रेटरी साहेबांचा फोन मला येतो, कारण 'तुम्हाला वायरीतलं कळतं ना काका'.

टाकी भरत आली की खाली कळवायचं, हे वायफायवर करून पाहिलं होतं. गच्चीवर टाकी, टाकीशेजारी लिफ्टची मशीनरूम, मध्ये काँक्रीट, आणि पंपरूम तळमजल्याच्या मागच्या कोपऱ्यात. सिग्नल दिवसा यायचा, पहाटे नेमका गायब. शेवटी म्हटलं, वायर टाकू. वायर आपली भाषा. लिफ्टच्या बाजूच्या डक्टमधून ३५ मीटर कॅट फाइव्ह-ई केबल खाली सोडली. इथरनेटला, म्हणजे वायरीवरच्या नेटवर्कला, एका तुकड्यात १०० मीटरपर्यंत चालतं, तेव्हा त्याची चिंता नव्हती.

मग इथरनेटवर बोलणाऱ्या ईएनसी२८जे६० चिपचं मॉड्यूल आणायला ग्रँट रोडला पूर्वेला उतरून लॅमिंग्टन रोड, मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलेलं असतं, पण ते नाव सांगून पत्ता विचाराल तर कुणी सांगणार नाही. ज्या दुकानातून घेतलं त्याचं नाव देत नाही, कारण तिथल्या पोऱ्याने मला 'हे लावलं की इंटरनेट चालू' असं सांगून दोन मॉड्यूलं बांधून दिली. एकाचे ३२० रुपये. लावलं, आणि काहीही चालू झालं नाही.

होणारच नव्हतं. त्या पोऱ्याने न सांगितलेली गोष्ट अशी की ही चिप फक्त फ्रेम, म्हणजे तारेवरचं बाइटांचं एक पाकीट, आणते आणि नेते. तारेवरचे बिट ओळखणं, शेवटचा सीआरसी (चूक पकडणारा आकडा) तपासणं, फ्रेम ६४ बाइटपेक्षा लहान असेल तर मागे शून्यं भरणं इतकं ती करते. आयपी (पत्ते), यूडीपी (पाठवलं आणि विसरलं), टीसीपी (हरवलं तर पुन्हा पाठव) या नियमांतलं तिला ओ की ठो कळत नाही. ते तुमच्या मायक्रोकंट्रोलरने, म्हणजे प्रोग्राम चालवणाऱ्या छोट्या चिपने, करायचं. आणि माझा मायक्रोकंट्रोलर म्हणजे अटमेगा ३२८पी: प्रोग्रामला ३२ केबी फ्लॅश, चालू कामाला २ केबी रॅम. इथरनेटची पूर्ण वाढलेली एक फ्रेम १५१८ बाइटची. एक पॅकेट आत घेतलं की घर भरलं, पाहुण्याला बसायला जागा नाही.

हे नियम पाळणाऱ्या तयार लायब्ररी (आयते प्रोग्राम) आहेत, हे मुलीने लगेच सांगितलं. ती आयटीत आहे. "बाबा, तू कशाला चाक पुन्हा शोधतोयस?" तिच्या सांगण्यावरून एलडब्ल्यूआयपी पाहिलं. उत्तम माल आहे, पण त्याला दहा-वीस केबी रॅम सहज लागते, म्हणजे मला एसटीएम३२ सारख्या मोठ्या मायक्रोकंट्रोलरचं घर बांधावं लागलं असतं. त्याच्याच लेखकाचं, स्वीडनच्या अ‍ॅडम डंकेल्सचं, यूआयपी मात्र आठ बिटांच्या चिपांसाठीच लिहिलेलं. ते वाचताना मी दोनदा चष्मा पुसला. पॅकेटसाठी सगळ्या प्रोग्राममध्ये मिळून एकच बफर, म्हणजे तात्पुरती जागा. पॅकेट आलं की त्यातच, उत्तर लिहायचं तेही त्यातच. आणि टीसीपीत पॅकेट हरवलं तर परत पाठवायला ते साठवून ठेवायचं नाही, अ‍ॅप्लिकेशनलाच विचारायचं, 'मघाशी काय दिलं होतंस ते पुन्हा दे'. आमच्या एक्स्चेंजमध्ये जागा कमी पडली की साहेब नवीन रॅक मागायचे. हा माणूस रॅकच लागणार नाही अशी वायरिंग करतो.

तरीही मी यूआयपी घेतलं नाही. मला टीसीपीच नको होतं. गच्चीवरच्या डब्यातून दर दहा सेकंदांनी टाकीतली पातळी खालच्या डब्याला जाणार. एखादं पॅकेट पडलं तर दहा सेकंदांनी ताजं येईलच, शिळी पातळी पुन्हा पाठवून कुणाला हवी आहे? म्हणून आर्प (कोण कुठे आहे ते विचारणं), आयपी, पिंगला ('आहेस का?' या हाकेला) उत्तर देण्यापुरतं आयसीएमपी आणि यूडीपी, एवढंच लिहायचं ठरवलं. तुकडे होऊन आलेलं आयपी पॅकेट दिसलं की टाकून द्यायचं. वाचायला सोपं वाटतं. मला अडीच महिने लागले.

आता मॉड्यूलबद्दल. जॅकमध्येच ट्रान्सफॉर्मर आहे, ते बरं आहे. पिना दोन ओळींत पाच-पाच, त्यामुळे ब्रेडबोर्डवर बसत नाही, जंपर लागतात. चिप ३.३ व्होल्टवर चालते, पण तिच्या इनपुट पिना ५ व्होल्ट सोसतात आणि तिचा ३.३ अटमेगाला 'हाय' म्हणून कळतो, त्यामुळे मध्ये लेव्हल कन्व्हर्टर लागत नाही. वीज मात्र खाते. पाठवताना १५० मिलीअँपिअरच्या वर जाते, आणि माझ्या अटमेगाच्या उनो बोर्डावरच्या ३.३ व्होल्टच्या पिनेची मर्यादा ५० सांगितली आहे. मी पहिले चार दिवस त्याच पिनेवर चालवत होतो आणि प्रोग्रामला शिव्या देत होतो. वेगळा ३.३ चा रेग्युलेटर आणि त्याच्या पायाशी एक मोठा कपॅसिटर लावा, मगच प्रोग्राममधल्या चुका शोधायला बसा.

एसपीआयवरून, म्हणजे चिप आणि अटमेगामधल्या तारांवरून, रजिस्टरं (चिपच्या आतले छोटे कप्पे) वाचतानाही एक खोच आहे. काही रजिस्टरं सरळ उत्तर देतात. मॅक आणि एमआयआय (चिपचे इथरनेट सांभाळणारे भाग) यांच्या रजिस्टरांत पहिली बाइट कचऱ्याची येते, खरी दुसरी. डेटाशीटमध्ये, म्हणजे चिपच्या माहितीपत्रकात, लिहिलंय. मी वाचलं नव्हतं.

या चिपची खरी मजा तिच्या आतल्या ८ केबी मेमरीत आहे. मी तिचे साडेसहा घेण्यासाठी आणि दीड पाठवण्यासाठी असे भाग केले. आलेली फ्रेम तिथेच पडून राहते आणि तुम्हाला हवे तेवढेच बाइट ओढून घेता येतात. मी आधी फक्त १४ बाइटचं इथरनेट हेडर (पाकिटावरचा पत्ता) ओढतो. प्रकार ०८०६ असेल तर आर्प, ०८०० असेल तर आयपी, बाकी काही असलं तर पुढे चल. माझा अटमेगामधला बफर २०० बाइटचा आहे आणि त्यात सगळा संसार होतो. सोसायटीच्या कॅमेऱ्यांचा डीव्हीआर (रेकॉर्डर) त्याच स्विचवर, म्हणजे नेटवर्कच्या वायरी एकत्र जोडणाऱ्या पेटीवर, आहे, तो दिवसभर ब्रॉडकास्ट (सगळ्यांसाठीच्या हाका) ओरडत असतो. चिपमध्ये पॅटर्न फिल्टर आहे, तो लावून ब्रॉडकास्टपैकी फक्त आर्प आत घेतलं. बाकीची बडबड चिपच्या दारातच थांबते. १००० रुपयांच्या आत हे मिळतं, हे मला अजूनही खरं वाटत नाही.

आर्प समजायला मला पाच मिनिटं लागली, कारण ते चाळीतलंच आहे. अंगणात उभं राहून ओरडायचं, 'कुलकर्णी कोण हो?' सगळे ऐकतात, कुलकर्णी एकटे गॅलरीत येऊन सांगतात, 'मी, वरच्या मजल्यावर, चौथी खोली.' विचारणं सगळ्यांना, उत्तर एकट्याला. माझ्या डब्याला एकच पत्ता लक्षात ठेवायचा असल्याने आर्पचा तक्ता एका ओळीचा.

पिंगच्या उत्तरात मात्र खरा आनंद मिळाला. चूक पकडणारा आयपी हेडरचा चेकसम म्हणजे १६ बिटांच्या शब्दांची बेरीज, वर आलेला हातचा खाली मिळवायचा आणि शेवटी सगळे बिट उलटे करायचे. पिंगला उत्तर द्यायचं तर पाठवणारा आणि घेणारा यांची अदलाबदल करायची. दोन संख्या जागा बदलून बेरजेत घातल्या तर बेरीज तीच राहते, म्हणजे हेडरचा चेकसम हातच लावायचा नाही! फक्त आयसीएमपीचा प्रकार ८ चा ० होतो, तेवढाच फरक तिथल्या चेकसममध्ये भरायचा. हे लक्षात आलं तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते आणि मी बायकोला उठवून सांगितलं. तिने ऐकून घेतलं, हे तिचे उपकार.

पण ही युक्ती सापडण्याआधी मी चेकसम पुन्हा मोजत होतो, आणि त्यात एक भूत होतं. विंडोजवरून पिंग चालायचं, लिनक्सवरून चालायचं. मुलीने ३३ बाइटचा पिंग मारला आणि डबा मुका. विंडोज ३२ बाइट पाठवतं, लिनक्स ५६. दोन्ही सम! विषम लांबीचं पॅकेट असलं की शेवटच्या एकट्या बाइटला शून्याची जोडी द्यायची असते, आणि मी जोडीला बफरमधला पुढचा, कालचा शिळा बाइट घेत होतो. तीन आठवडे सगळं 'चालत' होतं.

बाइटांची उलटापालट तर प्रत्येकाच्या नशिबात आहे. नेटवर्कवर मोठा बाइट आधी, अटमेगाचा कंपायलर छोटा बाइट आधी. माझा पोर्ट (यूडीपीतला दाराचा क्रमांक) ७०००, आणि समोर संगणकावर पाहतोय तर पॅकेट २२५५५ वर उतरतंय. हा आकडा मी टेबलावर खडूने लिहून ठेवलाय.

सगळ्यात लाजिरवाणी चूक दोन डबे तयार झाल्यावर झाली. या चिपला कारखान्यातून मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्कवरची तिची स्वतःची ओळख, येत नाही, तो आपण द्यायचा. ०२ ने सुरू होणारा दिला की तो स्थानिक, घरचा पत्ता समजला जातो. मी वरच्या डब्याचा प्रोग्राम खालच्यात जसाच्या तसा भरला, आयपी बदलला, मॅक बदलायचं विसरलो. टेबलावर एकेक तपासले तर दोघे ठणठणीत. इमारतीत लावले आणि वरच्याचं खालच्याला काही पोहोचेना. कारण वरचा डबा पॅकेट पाठवतो 'अमुक मॅकला', आणि स्विचने नुकतंच शिकलेलं असतं की अमुक मॅक याच वायरीच्या पोर्टवर राहतो. मग तो ते पॅकेट पुढे का पाठवेल? मी दोन दिवस केबल बदलत होतो. ३१ वर्षं केबल जोडलेल्या माणसाला आधी केबलच दिसते.

आता तक्रार. मॉड्यूल दोन-तीन दिवस छान चालायचं आणि मग ऐकणं बंद करायचं. दिवा जळतोय, लिंक आहे, पण बहिरं. यासाठी चिपसोबत 'एराटा' नावाचं पत्रक असतं, चुकांची कबुली म्हणा. ते डेटाशीटइतकंच मन लावून वाचा. त्यात आहे की घेण्याचा बफर शून्य पत्त्यापासूनच सुरू करा, आणि वाचून झालेल्या जागेचा पॉइंटर लिहाल तो विषमच लिहा, सम लिहिलात तर बफर बिघडू शकतो. मी सम लिहीत होतो. तो एक उणे केला, प्रत्येक वेळी पाठवण्याआधी ट्रान्समिटचा भाग रीसेट करायची ओळ घातली, आणि डबा सुधारला. एवढं सगळं चिपच्या आतच दुरुस्त करून द्यायला हवं होतं असं माझं मत आहे, पण निदान लिहून दिलंय, हेही मी कमी समजत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे ही चिप १० एमबीपीएसचीच, आणि स्विचशी वेग-डुप्लेक्सची बोलणी करत नाही. स्विच तिला हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकानेच बोलायचं) धरतो. तुम्ही हुशारी करून फुल डुप्लेक्स चालू केलंत तर दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात. हाफच ठेवा.

शेजारच्या इमारतीनेही मागे लागून डबा करून घेतला. त्यांना मी डब्ल्यू५५०० (इथरनेटचीच दुसरी चिप) लावला. त्यात टीसीपी/आयपी चिपच्या आत तयार, आठ सॉकेट (एकाच वेळी आठ जोडण्या), ३२ केबी बफर. १०० एमबीपीएसही चालतो. मॉड्यूल मला दुपटीच्या जवळ पडलं. एका रविवारी दुपारी जेवायला बसायच्या आत चालू झालं. दुसऱ्याच्या इमारतीत लावायचं असेल, किंवा पैसे घेऊन लावायचं असेल, तर निमूट तेच घ्या. त्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही, म्हणून त्याला इथे एवढीच जागा.

तर ईएनसी२८जे६० ला पाचपैकी तीन तारे. एक विजेच्या भुकेसाठी कापला, एक एराटासाठी. माझा सगळा प्रोग्राम ९ केबी फ्लॅशमध्ये आणि ७०० बाइट रॅममध्ये बसलाय, आणि त्यातली प्रत्येक ओळ कशाला आहे ते मला माहीत आहे. मुलीला मी म्हटलं, तुझ्या ऑफिसातल्या प्रोग्रामबद्दल असं म्हणून दाखव. ती म्हणाली, "बाबा, झोप आता."

खालच्या डब्याला बझर आहे. टाकी भरत आली की वाजतो, आणि एक मिनिट वरून पॅकेट आलं नाही तरी वाजतो, वेगळ्या सुरात. गेल्या चार महिन्यांत दुसरा सूर एकदाच वाजला, गच्चीवर पापड वाळत घालायला कुणीतरी डब्याचा प्लग काढून त्या जागी टेबलफॅन लावला होता तेव्हा.