डी-वन-ए की एनसीआर? अमेरिकेत शिकताना रग्बी कुठे खेळावी

अमेरिकेत पुरुषांची कॉलेज रग्बी एनसीएएच्या (कॉलेज खेळांची मुख्य नियामक संघटना) कक्षेत येत नाही, त्यामुळे सर्वमान्य असा एकच राष्ट्रीय विजेता शोधण्यात अर्थ नाही. २०१६ मध्ये लाइफ युनिव्हर्सिटीने डी-वन-ए (डिव्हिजन वन-ए) ही वरच्या श्रेणीची स्पर्धा जिंकली, तर बर्कलीच्या ‘कॅल’ने व्हार्सिटी कप ही वेगळी स्पर्धा. दोघंही आपापल्या परीने राष्ट्रीय विजेते! व्हार्सिटी कप २०१७ नंतर बंद पडला, पण दुभंग राहिलाच. आता एका बाजूला डी-वन-ए, दुसऱ्या बाजूला छोट्या कॉलेजांच्या संघटनेतून वाढलेली एनसीआर (नॅशनल कॉलेजिएट रग्बी).

निवडताना आधी वेळापत्रक बघावं. एनसीआरच्या पंधरा-पंधरा जणांच्या खेळाचा मुख्य मोसम सप्टेंबरला सुरू होऊन डिसेंबरात संपतो. उत्तरेकडे मैदानं मार्चपर्यंत गोठलेली असतात, तेव्हा यात शहाणपणच आहे. डी-वन-एची बाद फेरी वसंतात होते आणि कॅल, सेंट मेरीज हे पश्चिमेचे संघ जानेवारीनंतरच खऱ्या अर्थाने खेळू लागतात.

माझं मत ठरलं ते स्क्रमच्या पहिल्या फळीमुळे. स्क्रम म्हणजे दोन्ही संघांचे आठ-आठ जण वाकून, भिडून एकमेकांना ढकलतात ते; त्यातले सगळ्यात पुढचे तिघं म्हणजे पहिली फळी. कॉलेज ऑगस्टअखेर उघडतं आणि एनसीआरमध्ये दोन-तीन आठवड्यांत पहिला सामना. नवी मुलं बहुतेक अमेरिकन फुटबॉलमधून आलेली असतात. टॅकल करताना धावणाऱ्याच्या पुढ्यात आडवं डोकं घालायची त्यांना सवय. रग्बीत डोकं त्याच्या मागच्या बाजूला हवं आणि हातांची मिठी पडायलाच हवी. नुसता खांदा मारला की पेनल्टी, कधी पिवळं कार्डही. हे दोन आठवड्यांत जेमतेम जमतं. प्रॉपचं, म्हणजे पहिल्या फळीत दोन्ही टोकांना असणाऱ्याचं, काम मात्र नाही जमत. पाठ सपाट, खांदे नितंबांच्या खाली जाऊ न देता, पंचांच्या ‘क्राउच, बाइंड, सेट’च्या तालावर आठ जणांचा जोर मानेवर न येऊ देता पेलायचा, याला महिने लागतात.

मग होतं काय? नियमाप्रमाणे २३ जणांचा संघ उतरवायचा तर पहिल्या फळीत खेळू शकणारे सहा लागतात. एखादा प्रॉप जखमी झाला आणि बदली तयार नसला, की पंच विनाजोर स्क्रम पुकारतात. ढकलाढकली बंद, चेंडू टाकणाऱ्याचाच. सुरक्षिततेसाठी ते बरोबरच आहे, पण ज्या पोराने प्रॉप व्हायचं मनावर घेतलंय त्याची दुपार वाया जाते. असे दोन-तीन सामने गेले की नोव्हेंबर उजाडतो. वसंतातल्या संघात तोच मुलगा शरद ऋतूभर स्क्रम मशीनवर घासून घेतो.

अर्थात सगळी डी-वन-ए अशी नाही. आर्मी, नेव्ही, पेन स्टेट ज्या रग्बी ईस्टमध्ये आहेत, तिथले साखळी सामने शरदातच होतात. तरी हिवाळ्याची फट दुरुस्तीला मिळते. डी-वन-एच्या अंतिम सामन्यात २०२२ मध्ये आर्मीने सेंट मेरीजला २०-१७ आणि २०२३ मध्ये नेव्हीने कॅलला २८-२२ हरवलं, म्हणजे ती पद्धतही कमी नाही.

एनसीआरच्या बाजूने मोठा मुद्दा म्हणजे मैदानावर मिळणारी मिनिटं. लाइफ किंवा लिंडनवुडला परदेशातून आलेले तयार खेळाडू असतात. नवख्याला पहिल्या पंधरात जागा मिळायला दोन वर्षंही जातील. छोट्या कॉलेजात पहिल्याच मोसमात विंगवर (मैदानाच्या कडेला) उभे राहाल. शिवाय वसंत सेव्हन्ससाठी (सात-सात जणांचा प्रकार) मोकळा राहतो, आणि त्यातली सीआरसी (कॉलेजिएट रग्बी चॅम्पियनशिप) आता एनसीआरच भरवते. वेग असेल, पाठीमागच्या फळीत खेळायचं असेल, तर मी आढेवेढे न घेता तिकडे जा म्हणेन.

पुढच्या पाचांपैकी (स्क्रमच्या पहिल्या दोन फळ्या) कुठलीही जागा हवी असेल तर मात्र माझं झुकतं माप डी-वन-एला, पहिलं वर्ष दुसऱ्या संघात काढावं लागलं तरी. फक्त कोचला आधी विचारून घ्या: दुसऱ्या संघाचे सामने ठरलेले असतात की जमेल तसे? वर्गणी वर्षाची किती, आणि दूरच्या प्रवासाचा खर्च त्यात धरलाय का? पहिल्या फळीचे तयार गडी आज किती? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर चारच्या खाली आलं, तर संघ कुठल्या संघटनेचा आहे याने फारसा फरक पडणार नाही.