ठिबकचं अनुदान: ८० टक्के म्हणजे नक्की कशाचे?

ठिबक सिंचनाच्या अनुदानाची योजना चांगली आहे, घ्याच, पण ८० टक्क्यांचा हिशोब आधी समजून घ्या. महाराष्ट्रात २ हेक्टरपर्यंत जमीन असेल तर ८० आणि त्याच्या वर असेल तर ७५ टक्के मिळतात, त्यातले अनुक्रमे ५५ आणि ४५ टक्के केंद्राच्या 'प्रति थेंब अधिक पीक' योजनेमधून, बाकीचे राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून, मर्यादा ५ हेक्टरची. ऐकायला भारी वाटतं ना? पण हे टक्के तुमच्या बिलावर नसतात, दोन नळ्यांमधल्या अंतराप्रमाणे सरकारने हेक्टरी जो खर्च ठरवून ठेवलाय त्याच्यावर असतात. समजा बिल झालं १ लाख आणि ठरलेल्या खर्चात बसले ८० हजार, तर खात्यात येणार ६४ हजार, बाकी सगळे आपल्या खिशातून. मला ज्या दुकानदाराने कोटेशन दिलं त्याने हे शेवटपर्यंत सांगितलं नाही, वर 'साहेब, अनुदान आलं की सगळं फिटतंय' म्हणून मोकळा.

अर्जाचं काम सोपं झालंय आता. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर २३ रुपये ६० पैसे भरायचे, फार्मर आयडी, म्हणजे शेतकरी ओळख क्रमांक, २०२५ पासून लागतोच, आणि पूर्वीसारखी लॉटरी नाही, जो आधी अर्ज करेल त्याचा नंबर आधी. सातबारा सामायिक असेल तर बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र आधीच घेऊन ठेवा, भाऊबंदकीत तिथेच गाडी अडते. आणि कृषी खात्याची पूर्वसंमती हातात पडल्याशिवाय एक नळी पण विकत घेऊ नका, बिलावर आधीची तारीख दिसली की अनुदान विसरा.

संच बसला की मोका तपासणीला, म्हणजे शेतावरच्या पाहणीला, सहाय्यक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहाय्यक) येतात, तुम्हाला संचाजवळ उभं करून मोबाईलवर जागेची नोंद असलेला जिओ टॅग फोटो काढतात, नळीवरचा आयएसआय मार्क बघतात. पैसे त्यानंतर, आणि ते पण निधी येईल तसे, म्हणजे आधी पूर्ण रक्कम आपल्यालाच उभी करावी लागते. ज्याच्याकडे तेवढे पैसे नाहीत त्याच्यासाठी ही योजना अर्धी कागदावरच राहते, माझी खरी नाराजी इथे आहे.

संचाबद्दल बोलायचं तर तक्रार नाही. रात्रीची लाईट असली तरी कॉक फिरवला की झालं, पाणी वळवायला दारं धरत बसायला नको, तण कमी, खत व्हेंच्युरीतून (पाण्यात खत ओढून मिसळणारं साधन) थेट मुळाशी. फक्त फिल्टरवर कंजूषी करू नका, शेततळ्याचं शेवाळाचं पाणी असेल तर नुसता जाळीचा फिल्टर पुरत नाही, सँड फिल्टर पाहिजेच. नळीच्या शेवटचं बूच उघडा कधीतरी, चहासारखं पाणी पडतं, ते वेळच्या वेळी सोडलं नाही तर ड्रीपर, म्हणजे थेंब सोडणारी छिद्रं, चोकअप झालेच म्हणून समजा, आणि त्याच जमिनीवर परत अनुदान मिळायला ७ वर्षं थांबावं लागतं.

पाचपैकी साडेतीन.