आधी गणित, की भौतिकशास्त्राच्या ओघात गणित?

बारावीची परीक्षा संपल्यापासून बी.एस्सी.चे वर्ग भरेपर्यंतच्या मोकळ्या महिन्यांत, विदर्भातल्या खेड्यातून तालुक्याच्या महाविद्यालयात जाणाऱ्या विद्यार्थ्यापुढे दोन वाटा असतात: गणित क्रमाने पक्के करून मग भौतिकशास्त्राला हात घालणे, किंवा भौतिकशास्त्र सुरू करून जिथे अडेल तिथे तेवढेच गणित शिकणे.

दुसऱ्या वाटेने जाताना गणित कशासाठी शिकायचे, हे सतत डोळ्यांसमोर राहते. मे महिन्यातल्या दुपारी टिनाच्या खोलीत ४० अंश तापमान आहे आणि ८० अंशांचा चहा १० मिनिटांत ६० अंशांवर आला, असे समजा. पुढच्या १० मिनिटांत तो ४० वर न येता ५० वर येतो, कारण न्यूटनच्या नियमानुसार निवण्याचा वेग चहा आणि खोली यांच्या तापमानांतील फरकाच्या प्रमाणात असतो, आणि तो फरक ४० वरून २०, २० वरून १० असा निम्मा होत जातो. हा नियम म्हणजे एक डिफरन्शिअल इक्वेशन, बदलाचा वेग मांडणारे समीकरण. हेच समीकरण किरणोत्सर्गी ऱ्हासात, कपॅसिटर रिकामा होताना आणि रसायनशास्त्रातल्या पहिल्या कोटीच्या अभिक्रियेत पुन्हा भेटते. हे नाते दिसले की जी गोडी लागते, ती नुसती उदाहरणे सोडवून लागत नाही.

मात्र हे समीकरण सोडवताना इंटिग्रेशन, लॉगरिदम आणि घातांकी फलन एकापाठोपाठ लागतात. त्यातले एक जरी कच्चे असले तरी गाडी तिथेच अडते, आणि शहरात शेजारच्या मित्राला विचारून सुटणारी शंका खेड्यात, सरांची भेट होईपर्यंत, दोन-दोन दिवस तशीच राहते. म्हणून एकट्याने अभ्यास करणाऱ्याने पहिली वाट धरावी, असे माझे ठाम मत आहे. त्यासाठी नवे पुस्तक घेण्याची गरज नाही. बालभारतीच्या अकरावी-बारावीच्या पुस्तकांतील ट्रिग्नॉमेट्री, व्हेक्टर, डिफरन्सिएशन, इंटिग्रेशन आणि डिफरन्शिअल इक्वेशन पुरेसे आहे. अकरावीतले कॉम्प्लेक्स नंबर मात्र गाळू नयेत, कारण ए.सी. सर्किट त्यांच्याविना फार किचकट होते. लिनिअर प्रोग्रामिंग तूर्त बाजूला ठेवले तरी चालेल.

पार्शल डेरिव्हेटिव्ह (अनेक चलांपैकी एकच बदलताना काढलेले डेरिव्हेटिव्ह) आणि फूरिअर सिरीज (साइन-कोसाइनच्या बेरजेत मांडलेले फलन) यांसाठी दुसरीच वाट बरी. उष्मागतिकी आणि तरंग शिकतानाच ती खरी उमगतात. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाची व्याख्याने मोबाईलवर मोफत पाहता येतात, पण प्रत्येक पायरी व्याख्यान थांबवून आधी वहीत करून पाहावी. नुसते पाहून समजल्यासारखे वाटते, हात मात्र चालत नाही.

वाट कधी बदलावी, हे ठरवणे सोपे आहे. चहाचे ते समीकरण पुस्तक न उघडता पहिल्या ओळीपासून उत्तरापर्यंत कोऱ्या पानावर उतरले, की त्याच दिवशी भौतिकशास्त्राचे पुस्तक उघडावे.